कल्पनेकडून कार्याकडे : ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची पहिली बत्तीस वर्षे (१९७१–२००३)

१

ज्ञानप्रसाराच्या साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः राजाश्रय, विद्यापीठे आणि प्रकाशनसंस्था यांच्याकडे वळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांच्या जाळ्यावर मात्र असे काही उद्योग उभे राहिले की, ज्यांच्या पाठीशी आरंभी यांपैकी कोणीही नव्हते. एखाद्या व्यक्तीला कल्पना सुचली, तिने ती आपल्या बळावर अमलात आणली आणि कालांतराने ती असंख्य वाचकांच्या नित्य उपयोगाची वस्तू झाली, असा या उद्योगांचा क्रम सांगण्यात येतो. हा क्रम खोटा नाही. पण तो अपुरा आहे. कल्पना सुचणे आणि तिला यश येणे या दोहोंच्या मध्ये जी वर्षे जातात, त्यांचा हिशेब त्यात सापडत नाही. वस्तुतः उद्योगाचे भवितव्य ठरते ते या मधल्या काळातच.

‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा मुक्त ग्रंथसंग्रह या मधल्या काळाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. संग्रहात आलेल्या ग्रंथांचे क्रमांक आणि त्यांचे काळ नोंदलेले असल्यामुळे कार्याची गती येथे आकड्यांनी मोजता येते. या नोंदींवरून एक लक्षणीय विषमता नजरेस येते. जुलै १९७१ ते ऑगस्ट १९८९ या अठरा वर्षांत संग्रहात अवघे दहा पाठ आले. त्यानंतरच्या चौदा वर्षांत ही संख्या दहा हजारांवर गेली. यंत्रे सुधारली म्हणून काम वाढले, हे या विषमतेचे नेहमीचे स्पष्टीकरण होय. ते ग्राह्य आहे. परंतु त्याने प्रश्न पुरता सुटत नाही. सुधारलेली यंत्रे इतरांनाही उपलब्ध होती आणि तरीही त्यांचे संकल्प तडीस गेले नाहीत, अशी उदाहरणे त्याच काळात आढळतात. म्हणून यंत्रांच्या जोडीला कामाच्या रचनेचाही विचार करणे आवश्यक ठरते.

२

या संग्रहाचे संस्थापक मायकेल हार्ट यांचा जन्म १९४७ सालचा. १९७१ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे विद्यार्थी होते. तेथील पदार्थविज्ञान-संशोधनशाळेत झेरॉक्स कंपनीचा ‘सिग्मा ५’ हा मोठा संगणक होता. तो चालविणाऱ्यांशी परिचय असल्यामुळे हार्ट यांना त्याचा जवळजवळ अमर्याद वापर करण्याची मुभा मिळाली. या संगणकवेळेची किंमत त्यांनी पुढे दहा कोटी डॉलर इतकी सांगितली आहे. हा आकडा अर्थातच आलंकारिक मानावयास हवा. पण त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. एवढ्या मोठ्या देणगीची परतफेड होईल असे कोणतेही गणिती काम आपल्या हातून होणार नाही, हे त्यांनी ओळखले. तेव्हा संगणकाचे खरे मोल आकडेमोडीत नसून ग्रंथालयांतील संचित साठविणे, शोधणे आणि हवे तेव्हा पुन्हा मिळविणे यांत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

कल्पना इतकी विशाल असूनही तिचा प्रारंभ अत्यंत लहान होता, आणि हीच तिच्या इतिहासातील पहिली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय. ४ जुलै १९७१ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हार्ट यांनी त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टंकित केला. किराणा मालाच्या दुकानात फुकट वाटलेली एक छापील प्रत त्यांच्या हाती आली होती. तीच मूळ प्रत. यंत्रात लहान लिपीची सोय नसल्यामुळे सारा मजकूर मोठ्या अक्षरांत उतरवावा लागला. पाठ सर्वांना पाठविल्यास जाळ्यावर भार पडेल, म्हणून तो कोठे ठेवला आहे एवढीच सूचना त्यांनी दिली. सहा जणांनी तो उतरवून घेतला, अशी नोंद आहे.

ग्रंथालयांचे संचित खुले करण्याची प्रतिज्ञा आणि सहा वाचक, यांतील अंतर उघड आहे. ते पाहून संकल्पच सोडून द्यावा किंवा प्रथम मोठे अनुदान मिळवून मगच हात घालावा, हे दोन्ही मार्ग हार्ट यांच्यापुढे होते. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. पुढची अनेक वर्षे ते छोटे छोटे पाठ उतरवीत राहिले. १९७२ मध्ये नागरिकांच्या हक्कांची सनद आणि १९७३ मध्ये संपूर्ण राज्यघटना संग्रहात आली. साठवणुकीची जागा त्या काळी अत्यल्प असल्यामुळे लहान मजकूर निवडणे भागच होते. पहिले नऊ पाठ राजकीय स्वरूपाचे, बहुधा काही पानांचे आहेत; दहावा म्हणजे बायबलचे किंग जेम्स भाषांतर. हा प्रचंड ग्रंथ १९८९ मध्ये पूर्ण झाला.

या अठरा वर्षांत कार्य वाढले नाही. पण खंडितही झाले नाही. शिवाय याच काळात पुढे मोलाचा ठरलेला एक निर्णय कायम झाला. पाठ अगदी साध्या, निव्वळ अक्षरांच्या स्वरूपात ठेवावयाचा, म्हणजे तो कोणत्याही यंत्रावर वाचता येईल, असा तो निर्णय होता. त्या पिढीतील कित्येक संगणक व लेखनप्रणाली आज नामशेष झाल्या आहेत; १९७१ चा पाठ मात्र आजही वाचता येतो.

३

१९८९ नंतरच्या दशकात दोन गोष्टी घडून आल्या. पहिली म्हणजे जाळ्याचा विस्तार. युरोपातील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या परस्परसंबद्ध जाळ्याची योजना मांडली. तिच्यातूनच आजचे महाजाल, म्हणजे वेब, निर्माण झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने ही प्रणाली कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुली केली. नेमक्या त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या प्रतिस्पर्धी प्रणालीच्या काही वापरांवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले, आणि गोफर मागे पडू लागले. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीला पुढील काळात जे क्षेत्र लाभले, त्याचा पाया या खुल्या निर्णयात होता.

दुसरी गोष्ट हार्ट यांनी स्वीकारलेल्या कार्यक्रमाची. १९९१ मध्ये दरमहा एक ग्रंथ, १९९२ मध्ये दोन, १९९३ मध्ये चार आणि १९९४ मध्ये आठ, असे प्रमाण त्यांनी ठेवले. जानेवारी १९९४ मध्ये शेक्सपिअरचे समग्र वाङ्मय शंभरावा ग्रंथ म्हणून संग्रहात दाखल झाले. ऑगस्ट १९९७ मध्ये दान्तेच्या महाकाव्याची मूळ इटालियन प्रत हजारावी ठरली. या कार्यक्रमात ‘जगातील सर्व ग्रंथ’ असे दूरचे उद्दिष्ट नव्हते. ‘या महिन्यातील ग्रंथ’ असे समीपचे उद्दिष्ट होते. जे महिनाअखेर पुरे होते की नाही हे स्वच्छ सांगता येते, तेच कार्यकर्त्याला बांधून ठेवू शकते.

तथापि दुपटीची ही रीत एकट्या माणसाला फार काळ झेपणारी नव्हती. दरमहा बत्तीस ग्रंथ ही मजल येईपर्यंत स्वयंसेवकांची मदत अपरिहार्य झाली होती. पण संपूर्ण ग्रंथ टंकित करून देणारा स्वयंसेवक दुर्मिळ असतो. अनेकांचा उत्साह पहिल्या शंभर पानांतच संपतो आणि अर्धवट राहिलेला ग्रंथ कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

४

या अडचणीचा उलगडा चार्ल्स फ्रँक्स यांनी केला. २००० साली त्यांनी वाटून करावयाच्या मुद्रितशोधनाचे एक स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. छापील पानाचे छायाचित्र एका बाजूस आणि यंत्राने त्यातून वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूस, अशी ही मांडणी असे. स्वयंसेवकाने एकच पान घ्यावे, दोन्ही ताडून चुका दुरुस्त कराव्यात आणि पान परत करावे. ते पान पुन्हा दुसऱ्याच्या नजरेखालून जाई. कोणी दहा पाने केली, कोणी एकच करून निघून गेला, तरी केलेले काम वाया जात नसे. दिवसाला एक पान, एवढीच अपेक्षा ठेवण्यात आली.

या मांडणीचे महत्त्व ८ नोव्हेंबर २००२ रोजी प्रत्ययास आले. तंत्रज्ञ मंडळींत वाचल्या जाणाऱ्या ‘स्लॅशडॉट’ या वार्तास्थळावर तिची माहिती प्रसिद्ध झाली आणि एका दिवसात चार हजारांहून अधिक नवे स्वयंसेवक दाखल झाले. प्रत्येकास संपूर्ण ग्रंथ देण्याची पद्धत असती, तर हा लोंढा सांभाळणे अशक्य झाले असते. पानांची वाटणी असल्यामुळे तो कामी आला. त्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर २००३ मध्ये, ‘मॅग्ना कार्टा’ ही इंग्लंडमधील सनद दहा हजारावा पाठ म्हणून संग्रहात आली.

५

या निष्कर्षाची उलट बाजूने परीक्षा करण्यास त्याच काळातील दुसरे उदाहरण उपलब्ध आहे. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांच्या कंपनीच्या पैशावर ‘न्यूपीडिया’ हा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला. लॅरी सँगर हे त्याचे संपादक होते. तज्ज्ञांनी लेख लिहावेत आणि ते परीक्षणाच्या सात पायऱ्यांतून जावेत, अशी योजना होती. पैसा, यंत्रे व विद्वान यांपैकी कशाचीच वाण नसताना २००३ मध्ये हा कोश बंद पडेपर्यंत त्यात पूर्णत्वास गेलेले लेख सुमारे पंचवीस होते.

याउलट वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सिद्ध केलेल्या ‘विकी’ पद्धतीवर त्याच मंडळींनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्षाअखेर इंग्रजी लेखांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. माणसे तीच, हेतूही तोच. बदलले ते कामाचे एकक. न्यूपीडियात किमान देणगी म्हणजे संपूर्ण विद्वन्मान्य लेख होता. विकिपीडियात एका वाक्याची दुरुस्तीदेखील देणगी ठरत होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच तत्त्वावर चालत आला आहे.

६

तथापि या यशाची किंमत विसरून चालणार नाही. गुटेनबर्गच्या आरंभीच्या पाठांत ते कोणत्या आवृत्तीवरून घेतले याचा निर्देश पुष्कळदा नसे. विरामचिन्हांच्या भेदांची चिकित्सा करणारा वाचक आपल्यासमोर नाही, सामान्य वाचक आहे, अशी हार्ट यांची स्पष्ट भूमिका होती. प्रसाराच्या दृष्टीने ती समर्थनीय असली, तरी पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अशी प्रत आधारभूत मानता येत नाही. लहान एककामुळे काम वाढते. पण त्या एककातून जे वगळले गेले, ते मागाहून भरून काढणे कठीण असते. मूळ पानाचे छायाचित्र समोर ठेवूनच शोधन करावयाचे, या फ्रँक्स यांच्या पद्धतीने हा दोष बराच कमी झाला. म्हणजेच वेगासाठी शोधलेली युक्ती प्रामाण्यालाही उपकारक ठरली.

दुसरी मर्यादा कायद्याची. १९९८ मध्ये अमेरिकेने कॉपीराइटची मुदत वीस वर्षांनी वाढविली. त्यामुळे १९२३ साली प्रसिद्ध झालेले तेथील ग्रंथ १ जानेवारी २०१९ पर्यंत खुले होऊ शकले नाहीत. आपल्या संकेतस्थळावर जुने ग्रंथ ठेवणारे एरिक एल्ड्रेड यांनी या कायद्यास आव्हान दिले; पण जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी वैध ठरविला. भारतातही १९५७ च्या कायद्यातील लेखकाच्या मृत्यूनंतरची पन्नास वर्षांची मुदत १९९२ मध्ये साठ करण्यात आली आणि १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांचे वाङ्मय २००२ मध्ये मुक्त झाले. स्वतंत्र उद्योगाचे स्वातंत्र्य हे अशा रीतीने सीमित असते. कामाची गती त्याच्या हाती असते. कामाचे क्षेत्र मात्र राज्यसंस्था आखून देते.

७

मायकेल हार्ट ६ सप्टेंबर २०११ रोजी निधन पावले. संग्रहाचे काम त्यामुळे थांबले नाही. २०२३ मध्ये ग्रंथसंख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली. संस्थापकाच्या पश्चात कार्य चालू राहणे हीच त्याच्या रचनेची खरी कसोटी, आणि तीवर हा उद्योग उतरला. याचे श्रेय कल्पनेच्या भव्यतेला देता येत नाही. तशा भव्य कल्पना न्यूपीडियाच्या संस्थापकांजवळही होत्या. ते द्यावयाचे तर तीन गोष्टींना दिले पाहिजे : अठरा वर्षांच्या निष्फळ वाटणाऱ्या काळातही न सोडलेला नेम, महिन्याच्या मापाने आखलेले उद्दिष्ट, आणि परक्या माणसाच्या हाती निर्धास्तपणे देता येईल इतके लहान केलेले कामाचे एकक. यांतील पहिली गोष्ट व्यक्तीच्या स्वभावाची आहे व ती शिकविता येत नाही. उरलेल्या दोन रचनेच्या आहेत आणि त्यांचे अनुकरण होऊ शकते.

मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ आज याच पद्धतीने, पानापानाने, उतरविले जातात. एकाने शोधलेले पान दुसऱ्याने तपासल्याखेरीज ते प्रमाणित मानले जात नाही. मराठीतील मुक्त झालेल्या ग्रंथांची संख्या आणि ते तपासू शकणारे हात यांचे प्रमाण आज विषम आहे. परंतु १९७१ साली ते याहूनही विषम होते, आणि तेव्हा हात एकच होता.