पापणी, कपाळाचे कातडे आणि पुण्याचा कुंभार

अर्धापूरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या मावशीच्या पापणीवर गाठ आली, की आपण म्हणतो रांजणवाडी आहे, शेकली की जाईल. बहुतेक वेळा जातेही. पण त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा आली, तिथले केस गळाले, तर तो कर्करोग असू शकतो. मग पापणीचा तुकडाच कापावा लागतो आणि नवी पापणी घडवावी लागते. नाही घडवली तर डोळा मिटत नाही, बुबुळ सुकते, नजर जाते.

ही घडवण्याची विद्या कुणाची? शाळेतले उत्तर ठरलेले आहे: सुश्रुताची. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातड्याने नाक जोडण्याची कृती आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण पोथीत लिहिल्याने हात तयार होतो का?

ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापले गेले. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे आपल्या कुंभाराने, त्याला नवे नाक बसवले. नाकाच्या मापाचे मेण कपाळावर पसरून रेघ मारली, तेवढे कातडे सोडवले, पण दोन डोळ्यांमधली पट्टी तशीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहते. कातडे वळवून खाली आणले आणि टाके न घालता काताने चिकटवले. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली.

हे वाचून लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पुढे १८२९ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रिकने भुवईवरचे कातडे तसेच एका बाजूने जोडलेले ठेवून पापणीवर वळवले. आजही ते कातडे पापणीसाठी वापरतात. आतून मऊ अस्तर मात्र वेगळे लावावे लागते.

आता मनुस्मृती पाहा. तिने वैद्याचे अन्न वर्ज्य ठरवले, श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवले. रक्त-पुवाला हात लावणारा विटाळला, असा तो न्याय. (महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी हेच पुस्तक जाळले.) मग सुरी कुणाच्या हाती टिकली असेल? आमचे उत्तर: ज्यांना विटाळाची भीती घालून काही उरले नव्हते त्यांच्या.

त्या पत्रात कावसजीचे नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांचीही नावे आहेत. नाक बसवणाऱ्याची फक्त जात आहे.