भोवत्याची मोजणी

लातूर-नांदेडच्या शिवेवर आमचं गाव. दसरा झाला, ज्वारीची पेर सुरू झाली की माळावर भोवत्या यायचा. लांब पंखांचा, गवताला घासल्यागत खालून उडणारा शिकारी पक्षी. जुनी माणसं त्याला सरसकट घारच म्हणायची. पण हा झाडावर निजत नाही, गवतात भुईवरच रात्र काढतो. म्हणून मोजायचा तो दिवस मावळताना, उतरताना. 1972 च्या दुष्काळाआधी मी शेळ्या राखायचो. एका पक्ष्याला एक खडा मांडायचो. खिशातले खडे संपायचे, पक्षी संपायचे नाहीत.

पुढं वाचलं, हे कझाकिस्तानच्या गवताळ रानातून येतात. पाठीवर यंत्र बसवून अभ्यासकांनी ती वाट शोधली. इतक्या लांबून यायचे ते आमच्या माळावरच्या नाकतोड्यांसाठी, उंदरांसाठी.

मग गायरानं नांगरली गेली. ज्वारी मागं पडली, सोयाबीन आलं, फवारणी आली. नाकतोडे कमी झाले. फवारणी मीबी केली. पोरांच्या फिया त्यातूनच भरल्या, खोटं कशाला बोलू?

औंदा तीन सांजा माळावर बसलो. पाचच खडे लागले. बांधालगतचं गवत तेवढं कापायचं ठेवलंय.