एक पेर पुरे

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाच्या वास्तूत, रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होते. 1849 साली त्यांनी बारा गॅलनांचं काचेचं भांडं घेतलं आणि ते झऱ्याच्या पाण्याने निम्मं भरलं. तळाशी वाळू आणि चिखल घातला, दगडाचे काही तुकडे रचले, वॅलिसनेरियाचं एक रोप लावलं आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. पाणी बदलायचं नाही, एवढीच अट. काही दिवस सगळं छान चाललं. मग रोपाची जुनी पानं कुजू लागली, काचेवर हिरवट थर चढला आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टननी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि काचेवरचा थर खाऊन टाकला, भरपूर अंडी घातली, आणि ती अंडी माशांनी खाल्ली. मार्च 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा सारा वृत्तांत मांडला. आज दिवाणखान्यात दिसणाऱ्या मासोळ्यांच्या टाकीची वंशावळ इथून सुरू होते, आणि तिच्यात माशांइतकाच मान एका गवतासारख्या पाणवनस्पतीचा आहे.

मासे पाळणं त्याआधी नव्हतं असं मुळीच नाही. चीनमध्ये गोल्डफिश कित्येक शतकं पाळले जात होते. अडचण होती ती बंद भांड्यातल्या पाण्याची. ॲना थिन या हौशी बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांचं पाणी ताजं राहावं म्हणून मोलकरणीने रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभं राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायचं. आज ज्याला आपण एअर पंप म्हणतो, त्याचं काम त्या घरात एका बाईचे दोन हात करत होते. वॉरिंग्टनच्या भांड्यात तेच काम वॅलिसनेरियाने विनावेतन केलं.

या कल्पनेचे धागे जुने होते. जोसेफ प्रीस्टली यांनी 1771 मध्ये पुदिन्याची काडी बंद भांड्यात ठेवून दाखवलं होतं की, मेणबत्तीने ‘बिघडवलेली’ हवा वनस्पती सुधारते. यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्ये पानं पाण्याखाली बुडवून सिद्ध केलं की हे फक्त उजेडात घडतं. पानांवर जमणारे बुडबुडे हाच त्यांचा पुरावा होता. पुढे 1829 च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड एका बाटलीत पतंगाचा कोश सांभाळत असताना त्यांच्या लक्षात आलं, की आतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवून तगला आहे. त्यातून ‘वॉर्डची पेटी’ निघाली. 1833 मध्ये अशा पेट्या रोपांसह जहाजाने सिडनीपर्यंत गेल्या. जमिनीवरची रोपं काचेत राहू शकतात हे वॉर्डनी दाखवलं, पाण्याखालची वॉरिंग्टननी.

त्यात ब्रिटनने 1845 मध्ये काचेवरचा कर रद्द केल्याने काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. मध्यमवर्गीय घरांत टाक्यांचं वेडच शिरलं.

या वेडाला वॅलिसनेरियासारखा सोबती मिळाला हे नशीबच. इटालियन वैद्य अंतोनियो वॅलिसनेरी यांचं नाव मिरवणारी ही वनस्पती फुलण्याच्या बाबतीत मोठी नाटकी आहे. नराच्या सूक्ष्म कळ्या देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि तरंगत राहतात. मादीचं फूल लांब, लवचिक देठावर पाण्याच्या पातळीला येऊन थांबतं. परागण झालं की हा देठ मळसूत्रासारखा गुंडाळला जातो आणि फळाला खाली ओढून नेतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘जलपरागण’ या मथळ्याखाली तिचं चित्र पाहिल्याचं अनेकांना आठवत असेल. टाकीत मात्र तिला एवढा खटाटोप लागत नाही. मुळाशी एक आडवा धुमारा फुटतो, वाळूतून सरकतो आणि चार बोटांवर नवं रोप उभं करतो. त्या रोपाला स्वतःची मुळं आली की मधला धुमारा कात्रीने कापायचा, की झालं दुसरं रोप.

ओळख पटवण्याच्या बाबतीत मात्र तिने शास्त्रज्ञांनाही दमवलं. पाण्याखालच्या वनस्पती उजेड, खोली आणि प्रवाह यांनुसार रूप बदलतात. एकाच रोपाची पानं उथळ पाण्यात आखूड आणि खोल पाण्यात हातभर लांब होतात. रिचर्ड लाउडन यांनी 1982 मध्ये जगभरचे नमुने तपासून वॅलिसनेरियाच्या दोनच जाती मान्य केल्या. 2008 मध्ये डीएनएच्या आधारे पुन्हा पाहणी झाली तेव्हा जाती त्याहून कितीतरी जास्त निघाल्या. तेव्हा ॲक्वेरियमच्या दुकानदाराने पिशवीवर एक नाव लिहिलं आणि वनस्पती दुसरीच निघाली, तर त्याच्यावर फार रागावण्यात अर्थ नाही.

नावांच्या घोळाची सगळ्यात महागडी गोष्ट मात्र दुसऱ्याच एका वनस्पतीची आहे.

1842 मध्ये स्कॉटलंडच्या सीमेवरील एका तळ्यात आणि 1847 मध्ये लेस्टरशरमधल्या कालव्याच्या दारांशी एक अनोळखी पाणवनस्पती सापडली. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बॅबिंग्टन यांनी तिला नवी जात ठरवून 1848 मध्ये नाव दिलं. प्रत्यक्षात ती उत्तर अमेरिकेतली एलोडिया होती. त्याच सुमारास केंब्रिजच्या वनस्पती उद्यानाच्या क्युरेटरने तिचा एक तुकडा बागेजवळच्या ओहोळात टाकला. 1852 पर्यंत कॅम नदी तिने भरून गेली. वल्ही अडकू लागली, कोळ्यांची जाळी पडेनात, मालाचे पडाव ओढायला जादा घोडे लावावे लागले. एलीच्या विल्यम मार्शल यांनी या ‘नव्या पाणगवता’वर त्याच वर्षी एक पुस्तिकाच लिहिली. यातली गंमत अशी की, ब्रिटनमध्ये पसरलेल्या या वनस्पती जवळजवळ सगळ्या मादी होत्या. नर नाही, म्हणून बी नाही. म्हणजे अख्खी नदी तुकड्यांतून वाढली. उसाची एकडोळा टिपरी लावून फड उभा करणाऱ्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही. एका पेराचा तुकडा तुटला, वाहत गेला, जिथे अडकला तिथे मुळं फुटली. घरच्या टाकीत ज्या गुणासाठी हौशी माणूस तिला निवडतो, तोच हा गुण.

हीच कहाणी शंभर वर्षांनी अमेरिकेत घडली, आणि या वेळी पात्र आपल्या ओळखीचं होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या ॲक्वेरियम वनस्पतींच्या व्यापाऱ्यांपर्यंत श्रीलंकेहून हायड्रिला पोहोचली आणि टॅम्पाच्या आसपासच्या कालव्यात टाकली गेली. 1960 च्या सुमारास ती मोकळ्या पाण्यात सापडली तेव्हा लोकांनी तिला एलोडियाच समजलं. ‘फ्लोरिडा एलोडिया’ या नावाने ती मिरवत होती. खरी ओळख पटेपर्यंत ती पसरून बसली होती.

ओळख पटवणं खरं तर फारसं अवघड नव्हतं. एलोडियाच्या एका पेराभोवती बहुधा तीन पानं असतात. दुकानात ‘अनॅकॅरिस’ म्हणून मिळणाऱ्या दक्षिण अमेरिकन एजेरियाला चार किंवा जास्त, मोठी आणि मऊ पानं असतात. हायड्रिलाच्या पेराला चार ते आठ पानांचं चक्र असतं आणि पानांच्या कडेला साध्या डोळ्यांना दिसणारे करवती दात. बोट उलट फिरवलं तर खरखर लागते. शिवाय ती चिखलात बारीक कंद धरते, आणि एलोडिया, एजेरिया हे करत नाहीत. हे कंद तळाशी वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे वरचं सगळं उपटलं तरी ती परत येते. फ्लोरिडाने तिच्यावर यंत्रं चालवली, रसायनं फवारली, आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला गवत्या म्हणतात तो ग्रास कार्प सोडला. 1987 मध्ये भारत-पाकिस्तानात तिच्यावर जगणारी पानपोखरी माशी आणि कंद खाणारा सोंड्या किडा तिथे नेऊन सोडले. रोगाच्या मागोमाग त्याचा मूळचा वैद्य बोलवावा लागला.

भारतात मात्र हायड्रिला शाळेच्या प्रयोगशाळेत सुखाने नांदते. काचेच्या नरसाळ्याखाली तिच्या फांद्या, वर पाण्याने भरलेली उलटी परीक्षानळी, आणि उन्हात वर चढणारे बुडबुडे: हा प्रयोग केला नाही असा मराठी विज्ञान विद्यार्थी विरळा. तिचा आणखी एक उपयोग आता विस्मरणात गेला आहे. उत्तर भारतात, विशेषतः रोहिलखंडात, खांडसारी साखर करताना कच्च्या साखरेच्या थरावर ओली पाणवनस्पती पसरत. तिला ‘सिवार’ म्हणत, आणि त्यात हायड्रिला, वॅलिसनेरिया अशा वनस्पती असत. तिच्यातली ओल हळूहळू खाली झिरपून साखरेला चिकटलेली मळी धुऊन नेई आणि वरचा थर पांढरा होई. काचेच्या टाकीत शोभेसाठी जाण्याआधी या झाडांना असा कारखान्यातला रोजगार होता.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीवर नजर टाकली तर भारतीय वाचकाला घरचीच माणसं तुरुंगात भेटल्यासारखं होतं. हायड्रिला आहे. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आहे, म्हणजे नवशिक्यांना हमखास सुचवली जाणारी, कशाही पाण्यात वाढणारी भारतीय वनस्पती. 1945 च्या सुमारास ती तिकडे पोहोचली, तेव्हा तिला ‘ओरिएंटल लुडविजिया’ असं चुकीचं नाव चिकटलं होतं. लिम्नोफिला आहे. आणि या टाकीतल्या वनस्पतींबरोबर आपली नाळीची भाजीही त्याच यादीत बसली आहे!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वनस्पतींचा धंदा घरगुती राहिला नाही. आमांडा ब्लेहर यांच्यासारख्या संग्राहक दक्षिण अमेरिकेतून रोपं युरोपात आणत. त्यांच्याच कुटुंबाचं नाव चेक शास्त्रज्ञ कारेल राताय यांनी 1970 मध्ये एका ‘ॲमेझॉन सोर्ड’ला दिलं. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी होल्गर विंडेलॉव यांनी ट्रॉपिका ही रोपवाटिका काढली. मोठ्या रोपवाटिकांत एक युक्ती रुळली: दलदलीतली ही झाडं पाण्याबाहेर, दमट काचघरात वाढवायची. तिथे ती जोमाने वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळही चढत नाही. पण पाण्याबाहेरचं पान आणि पाण्याखालचं पान यांचा घाट वेगळा असतो. रोप टाकीत आलं की जुनी पानं गळतात. क्रिप्टोकोरायनीची तर दोन-चार दिवसांत सगळी पानं विरघळून जातात, आणि नवशिका ‘मेलं’ म्हणून मुळासकट काढून फेकतो. खाली मुळं जिवंत असतात. थोडी कळ काढली तर नवी, पाण्याला साजेशी पानं येतात.

हाच घाट बदलण्याचा खेळ दुकानदारांच्याही पथ्यावर पडला. मुळात पाण्याखाली न जगणारी सिंगोनियम, ‘लकी बांबू’ या नावाची ड्रेसीना, काळपट हिरवं मोंडो गवत, ही सगळी ॲक्वेरियमची झाडं म्हणून विकली जातात. काही आठवडे ती तग धरतात, मग कुजतात. त्यातून पाणी बिघडतं आणि दोष माशांच्या खाण्यावर जातो. शेवाळ्यांचं नाव तर तज्ज्ञांकडूनही वर्षानुवर्षं चुकत होतं. ‘जावा मॉस’ला हौशी मंडळी व्हेसिक्युलारिया म्हणत. 2004 मध्ये सिंगापूरमधल्या बेनितो टॅन आणि सहकाऱ्यांनी ते टॅक्सिफायलम असल्याचं दाखवून दिलं.

जावा फर्न आणि अनुबियास यांची गोष्ट याहून साधी आहे. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की ते कुजतं. म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं आणि वाढलं की तीन-चार पानांसह तुकडा कापून वेगळा करायचा. जावा फर्न तर स्वतःच्या जुन्या पानांवरच पिल्लं धरते. कोणाला काही करावं लागत नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाण्याखालचं जग पहिल्यांदा तिथेच काचेआड पाहिलं. पण या छंदाची मूळ सामग्री त्यांच्या घराच्या पाठीशी, सह्याद्रीत होती. दक्षिण कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा ही इथलीच अशी जात उगवते. कास पठारावरच्या पाणथळीत वाढणारा वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटन सातारेन्सिस, 1982 मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. त्याच्या वंशातली मादागास्करची जाळीदार पानांची वनस्पती विल्यम एलिस या मिशनऱ्यांनी 1855 मध्ये इंग्लंडला नेली होती, आणि तेव्हापासून युरोपातले हौशी तिच्यासाठी पैसे मोजत आले आहेत. वायतुऱ्याला तसलं भाग्य न लाभलेलंच बरं. एका पठाराच्या आसऱ्याने जगणारा कंद उपटून टाकीत लावला तर टाकीत तो टिकण्याची खात्री नाही, आणि पठारावरून मात्र तो नक्की जातो.

इंग्लंडने एप्रिल 2014 पासून पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर बंदी घातली. त्यात दुकानांतून आलेलं परदेशी पॅरट्स फेदरही होतं. आपल्याकडे शोभेसाठी आणलेली जलपर्णी पंचगंगेपासून मुळा-मुठेपर्यंत दरवर्षी यंत्रांनी उपसून काढावी लागते. तेव्हा टाकीतली वॅलिसनेरिया किंवा कबोंबा वाढून कापणी करावी लागली, तर कापलेल्या फांद्या गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीच्या मातीत मिसळा. ओढ्यात, नाल्यात किंवा गावच्या तळ्यात एक पेरही टाकू नका.