एमआरआयचा तापमापक

पाणी तापले की त्यातील हायड्रोजनच्या प्रोटॉनची अनुनाद-वारंवारता किंचित उतरते. रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल पडतात, इलेक्ट्रॉनांचे आवरण प्रोटॉनला चुंबकीय क्षेत्रापासून जरा जास्त झाकते. जे. सी. हिंडमन यांनी हा बदल १९६६ साली प्रसिद्ध केला. रसायनशास्त्राच्या त्या शोधनिबंधाचा वैद्यकाशी काहीच संबंध नव्हता.

शरीराच्या आतले तापमान मोजण्याची गरज निर्माण झाली ती कर्करोगाच्या गाठी तापवून उपचार करताना. ते कळण्यासाठी सुईसारखे संवेदक खुपसावे लागत आणि तेही टोकापुरतेच सांगत. १९८३ साली डेनिस पार्कर व सहकाऱ्यांनी एमआरआयमधील टी-१ या कालमानावरून तापमान काढण्याचा मार्ग सुचवला. १९८९ साली दनी ल बिहाँ व सहकाऱ्यांनी पाण्याच्या विसरणाचा. दोन्हींची अडचण एकच: ऊतीगणिक आकडे बदलतात आणि ऊती भाजली की ताळा चुकतो.

जपानमधील इशिहारा व सहकाऱ्यांनी १९९५ साली वारंवारतेतील बदलावरून तापमानाचा नकाशा काढण्याची वेगवान रीत मांडली, आणि पुढे तीच रुळली. १.५ टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉनची वारंवारता सुमारे ६.४ कोटी हर्ट्‌झ असते. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की फरक पडतो जेमतेम ०.६४ हर्ट्‌झचा. २० मिलिसेकंदांत त्यातून संकेताची कला (फेज) कोनाच्या सुमारे साडेचार अंशांनी सरकते. तापवण्यापूर्वीची प्रतिमा नंतरच्या प्रतिमेतून वजा केली की हे सरकणे दिसते. अर्थात कळते ती वाढ, मूळ तापमान नव्हे. रुग्ण हलला तर नकाशा फसतो. चरबीत असे हायड्रोजन बंध नसल्याने तिथे ही रीत निरुपयोगीच; स्तनाच्या उपचारात ही मोठीच अडचण ठरते.

तरीही केंद्रित अल्ट्रासाउंडचा, म्हणजे ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून ऊती तापवण्याचा उपचार उभा राहिला तो याच नकाशाच्या भरवशावर. बोस्टनमध्ये फेरेन्क योलेश आणि कुलेर्वो ह्यूनिनेन यांनी एमआरआय आणि अल्ट्रासाउंडच्या या मेळाचा पाया घातला. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २००४ साली गर्भाशयातील फायब्रॉइडसाठी आणि २०१६ साली हातांच्या कंपाच्या एका प्रकारासाठी त्याला मान्यता दिली. कंपाच्या उपचारात कवटी न उघडता मेंदूतील नेमका ठिपका आधी थोडाच तापवतात. नकाशावर तो योग्य जागी आहे का, हे पाहतात, कंप कमी झाला का हे कळावे म्हणून रुग्णाला कागदावर वळणदार रेघ काढायला लावतात आणि मगच तापमान ५५ अंशांच्या पुढे नेतात.