धाकटी ठरलेली थोरली स्पर्धा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ‘एन.आय.टी.’ ही आज दुय्यम स्पर्धा समजली जाते. हंगामाअखेरच्या मुख्य, म्हणजे ‘एन.सी.ए.ए.’ संघटनेच्या स्पर्धेत ज्यांना जागा मिळत नाही, त्यांची. पण वयाने थोरली तीच. ती न्यूयॉर्कला १९३८ साली सुरू झाली, संघटनेची १९३९ साली. १९५० मध्ये तर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने दोन्ही स्पर्धा जिंकल्या!

आम्हांस विशेष वाटतो तो १९७० चा प्रसंग. मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठाला मुख्य स्पर्धेचे बोलावणे आले. परंतु जवळच्या डेटनऐवजी दूर टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या गटात. प्रशिक्षक अल मॅग्वायर यांनी ते साफ नाकारले, एन.आय.टी. पत्करली आणि अंतिम सामन्यात सेंट जॉन्सला ६५-५३ असे हरवून ती जिंकली. संघटनेला हे झोंबले. पुढे तिने नियमच केला की, तिचे बोलावणे नाकारणाऱ्याने अन्यत्र खेळू नये. याला खेळाचा न्याय म्हणावयाचे की सावकारी? एन.आय.टी. चालविणाऱ्या न्यूयॉर्कच्या पाच महाविद्यालयांनी दावा लावला. २००५ साली संघटनेने तडजोडीसह ५ कोटी ६५ लाख डॉलर मोजले आणि स्पर्धाच विकत घेतली.

२०२४ साली मुख्य स्पर्धेतील जागा हुकलेल्या सेंट जॉन्सने एन.आय.टी.लाही नकार कळविला. त्या पाच महाविद्यालयांपैकी ते एक होते.