मोटारीची जिल्हई

शिकलगाराच्या साणेवर धरलेली तलवार लखलखूं लागते, तेव्हां तिच्यावर कांहीं चढविलेलें नसतें. उलट तिचें थोडेंसें लोखंड झडून गेलेलें असतें. मोटारीच्या रंगाची गोष्टहि अशीच आहे. विजेचें यंत्र हातीं घेऊन आपल्या गाडीला प्रथमच जिल्हई देऊं पाहणाऱ्या गृहस्थाची समजूत बहुधा अशी असते, कीं आपण तिला कांहीं तरी लावीत आहों. वस्तुतः तो रंगाचा वरचा पापुद्रा खरवडून काढीत असतो, आणि गेलेला पापुद्रा परत येत नाहीं. हें काम पूर्वीं मुरलेल्या कारागिराकडेच असे. तें नवशिक्याच्या हातीं कसें आलें, हें समजण्यास मोटारीच्या रंगाचा शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

मोटार जन्मास आली ती घोडागाडीचाच पोशाख अंगावर घेऊन. युरोपांतील व अमेरिकेंतील पहिल्या मोटारींचें रंगकाम बग्ग्या रंगविणाऱ्या कारागिरांकडे जाई. जवसाचें तेल आणि चंद्रसाच्या जातीची राळ यांपासून केलेलें रोगण कुंचल्यानें द्यावयाचें, तें सुकण्याची वाट पाहावयाची, मग ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड पाण्यांत कालवून त्यानें तें घासून सपाट करावयाचें, आणि पुन्हां दुसरा हात द्यावयाचा. असे किती तरी हात चढत. एक गाडी पुरी होण्यास दोन ते चार आठवडे लागत, आणि तेवढे दिवस तिला धुळीपासून जपून छपराखालीं ठेवावें लागे. इतकें करूनहि तें रोगण कांहीं वर्षांत पिवळें पडे व तडकत जाई. कारागिराचा हात मात्र असा बसलेला असे, कीं शेवटच्या थरावर कुंचल्याची एक रेघहि दिसत नसे.

हेन्री फोर्ड यांना इतकी उसंत नव्हती. 1913 सालीं त्यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळविण्यास प्रारंभ झाला. आणि 1914 पासून 1925 पर्यंत त्यांची ‘टी’ मॉडेलची गाडी केवळ काळ्या रंगांत मिळत असे. खनिज डांबर मिसळलेला हा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि भट्टींत भाजून लवकर वाळवितां येत असे. त्यास जिल्हई देण्याच्या भानगडींत कोणी पडत नसे. ज्यांना रंगीत गाडी हवी असे, त्यांना आठवडे मोजणें भाग होतें.

ही कोंडी फुटली ती दारूगोळ्याच्या धंद्यांतून. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून जो स्फोटक पदार्थ होतो, त्याचेच सौम्य रूप द्रावकांत विरघळविलें असतां पातळ, चकचकीत लेप तयार होतो. पहिलें महायुद्ध 1918 सालीं संपलें, आणि स्फोटकें करणारी ड्यू पाँट कंपनी आपल्या मालास शांततेच्या काळांतील उपयोग शोधूं लागली. तिच्या रसायनशास्त्रज्ञांनीं या लेपांत पुष्कळ रंगद्रव्य मावेल आणि तरीहि तो फवारतां येईल इतका पातळ राहील, अशी युक्ति काढली. 1923 सालीं हा रंग ‘ड्यूको’ या नांवानें पुढें आला, आणि जनरल मोटर्सच्या 1924 च्या ओकलंड गाड्या त्यानें निळ्या रंगविल्या गेल्या. त्या कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांची एक कथा सांगतात. रंग इतक्या लवकर सुकणें अशक्य आहे असें म्हणणाऱ्या एका पाहुण्यास त्यांनीं जेवावयास बोलाविलें. जेवण आटोपून पाहुणा बाहेर येतो, तों त्याची गाडी निराळ्याच रंगाची झालेली! कथेलाहि कोणी थोडा रंग चढविला असेल. पण आठवड्यांचें काम तासांवर आलें हें खरें. अशा रंगांना इंग्रजींत ‘लॅकर’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘लाख’ या शब्दापासूनच तिकडे गेला. ड्यूकोंत मात्र लाखेचा अंशहि नव्हता.

या नव्या रंगांत एक खोड होती. फवारलेला थर सुकल्यावर निस्तेज दिसे. त्याला बारीक घासद्रव्यानें रगडल्याशिवाय चकाकी येत नसे, आणि उन्हापावसानें ती गेली कीं पुन्हां रगडावें लागे. अशा रीतीनें सुकण्यांत वांचलेला वेळ घासण्यांत जाऊं लागला, आणि तेथें यंत्राची गरज उत्पन्न झाली. हातांत धरावयाचें विजेचें गिरमिट श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनें 1895 सालींच केलें होतें. बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर यांनीं पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा चाप बसवून 1917 सालीं त्याचें पेटंट मिळविलें. अशाच घडणीच्या यंत्राला मेंढीच्या लोंकरीची तबकडी बसविली, कीं जिल्हईचें यंत्र झालें.

परंतु एका आंसाभोंवतीं मिनिटास हजार-दोन हजार फेरे घेणारी ही तबकडी क्षणभर एके जागीं रेंगाळली, तर रंग तापून करपे. पत्र्याच्या उठावदार कडेवर रंग मुळांतच पातळ बसतो. तेथें तबकडी टेकतांच खालचा अस्तराचा रंग उघडा पडे. शिवाय न सरावलेल्या हातानें फिरविलेलें यंत्र उन्हांत पाहिलें असतां लाटांसारखे पट्टे मागें ठेवून जाई. म्हणून तें बराच काळ कारखान्यांतील माणसांच्याच हातीं राहिलें.

पुढें रंगहि बदलले. 1930 च्या सुमारास आलेल्या एनॅमल रंगांना घासल्याशिवाय चकाकी येई. 1980 नंतर बहुतेक गाड्यांवर रंगाचा थर निराळा आणि त्यावर बिनरंगी पारदर्शक थर निराळा, अशी पद्धत रूढ झाली. हा वरचा थर साधारणपणें चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केंसाहूनहि पातळ. उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षण तोच करतो, आणि जिल्हई देतांना झिजतो तोहि तोच.

नवशिक्याला अभय मिळालें तें दुहेरी गतीच्या यंत्रामुळें. दुरुस्तीच्या कारखान्यांत घासकागद फिरविण्यासाठीं हें यंत्र आधींपासून होतें. गेल्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींनीं त्यावर स्पंजाची गादी बसवून तें जिल्हईकडे वळविलें. यांतील तबकडीचा मध्य दांड्यापासून किंचित् बाजूस असतो. त्यामुळें ती स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां लहानशा वर्तुळांत डोलतहि राहते. हात जड झाला किंवा तबकडी कलली, कीं तिचें फिरणें आपोआप मंदावतें व केवळ डोलणें उरतें. चूक होते ती हळूहळू होते, आणि ती ध्यानांत येण्यास अवधि मिळतो.

तरीहि जाणते लोक नवशिक्यास प्रथम गाडी धुवून घ्यावयास सांगतात, कारण राहिलेली वाळू गादीखालीं सांपडली तर तीच ओरखडे काढील. कडांना कागदी पट्टी चिकटवावी, हातभर जागा निवडावी, सर्वांत मऊ गादी व सर्वांत सौम्य घासद्रव्य घ्यावें, आणि काम भागत नसेल तरच पुढची पायरी चढावी. रंगाची जाडी मोजणारें एक लहानसें उपकरणहि आतां मिळतें. तें पत्र्यावरील सर्व थरांची मिळून जाडी सांगतें; वरचा पारदर्शक थर त्यांत किती उरला आहे, हें त्यांतील साध्या उपकरणांस सांगतां येत नाहीं. यामुळेंच नखाला लागण्याइतका खोल ओरखडा दिसला, तर अनुभवी कारागीर त्याच्या कडा थोड्या बोथट करतो, तो पुसट झाला कीं यंत्र बंद करतो, आणि उरलेला ओरखडा तसाच राहूं देतो.