आत्याचं घर, पानशेत आणि कॉलियर बंधू

'पुणे होर्डिंग' असं टाकून शोधलंत तर जाहिरातींचे फलकच फलक येतात. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराच्या चौकात लोखंडी सांगाडा कोसळून चार जण गेले, ती बातमी तर येतेच येते. मला हवं होतं ते दुसरं होर्डिंग, घराच्या आतलं. वस्तू येत राहतात, एकही बाहेर जात नाही, आणि हळूहळू माणसालाच घरात जागा उरत नाही. याला आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. 'साठेबाजी' म्हटलं की साखरेची गोदामं आणि काळाबाजारवाले व्यापारी आठवतात. 'पसारा' म्हणावं तर तो माझ्याही टेबलावर आहे.

शोधायला निमित्त माझी आत्या. ती वारज्यात माळवाडीला राहते, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. काका २०११ मध्ये गेले आणि त्यानंतर घर भरत गेलं. पेपरचे गठ्ठे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, साड्यांचे खोके, बंद पडलेले तीन मिक्सर. मी कॉलेजात असताना हॉलमधून किचनमध्ये जायला आडवं होऊन चालावं लागायचं. आम्ही सगळे त्यावर हसायचो. घरात या प्रकाराचं ठरलेलं स्पष्टीकरण एकच: "तिने पानशेत बघितलंय ना!"

बघितलं होतंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, घर नारायण पेठेत. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे बाहेर पडले. परत आले तेव्हा घराच्या जागी चिखल. पुढची काही वर्षं गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली. त्यात रेशन, मग ७२ चा दुष्काळ. त्या पिढीने सुतळीचा तुकडासुद्धा जपून ठेवला यात नवल काय?

मलाही हे पटलेलं होतं. शिवाय माझी स्वतःची एक पुरवणी थिअरी होती. पूर्वी घरातून वस्तू बाहेर जायच्या वाटाही पुष्कळ होत्या. बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर पातेलं द्यायची. रद्दीवाला, कल्हईवाला, भंगारवाला दारावर यायचे. आता सोसायटीच्या गेटवर रजिस्टर, आणि बोहारीण तर मी शेवटची कधी पाहिली ते आठवतही नाही. इनपुट चालू, आउटपुट बंद. मेमरी लीक होणारच!

पण या विषयाचा इतिहास वाचायला लागलो आणि दोन्ही थिअऱ्या डळमळल्या.

या इतिहासात सगळ्यांत गाजलेलं घर न्यूयॉर्कमधलं. हार्लेममध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर होमर आणि लँगली कॉलियर हे दोन भाऊ राहायचे, चांगल्या खात्यापित्या, शिकलेल्या घरातले. होमर आंधळा झाला होता. त्याची दृष्टी परत येईल तेव्हा त्याला वाचता यावेत म्हणून लँगली वर्षानुवर्षांचे पेपर जपून ठेवत होता. (इथे मी वाचता वाचता थांबलो. आत्याच्या पेपरच्या गठ्ठ्यांवरही काकांच्या अक्षरात तारखा आहेत.) २१ मार्च १९४७ ला पोलिस आत शिरले तेव्हा होमर मेलेला सापडला. लँगलीचा पत्ता नव्हता. शहरभर शोध झाला. तो ८ एप्रिलला सापडला, भावापासून जेमतेम दहा फुटांवर. चोरांसाठी त्याने स्वतःच रचलेला सापळा त्याच्या अंगावर कोसळला होता. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो. न्यूयॉर्कचे अग्निशामक अशा घराला आजही 'कॉलियर्स मॅन्शन' म्हणतात.

कॉलियर बंधूंचं वर्तमानपत्रांनी मनोरंजन केलं, अभ्यास मात्र कुणी केला नाही. तो सुरू व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं. स्मिथ कॉलेजचे रँडी फ्रॉस्ट आणि त्यांची विद्यार्थिनी रेचल ग्रॉस यांनी स्थानिक पेपरात जाहिरात दिली: वस्तू टाकवत नाहीत अशी माणसं हवी आहेत. दोन-चार जण येतील असा अंदाज होता, आले शंभरावर. आणि त्यांना तपासल्यावर दिसलं की लहानपणीच्या गरिबीचा, वस्तूंच्या टंचाईचा याच्याशी संबंध लागत नाही. लंडनच्या संशोधकांना २०११ मध्ये तेच दिसलं. टंचाईशी नातं नाही, पण आयुष्यात बसलेल्या धक्क्यांशी आहे.

म्हणजे पानशेत पूर्ण चूक नव्हतं, पण आम्ही त्यातला चुकीचा भाग उचलला होता. आम्ही वाहून गेलेली भांडी मोजत होतो. आणि आत्याच्या घरातलं दुसरं साल, २०११, आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत 'होर्डिंग डिसऑर्डर' हा वेगळा आजार म्हणून नोंदवला गेला २०१३ मध्ये. त्याआधी तो इतर विकारांचं एक लक्षण म्हणून कुठेतरी कोपऱ्यात असायचा. २०१२ मध्ये डेव्हिड टोलिन यांच्या टीमने अशा लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्याच टपालाचे कागद दाखवले: ठेवायचं की फाडायचं? स्वतःचा कागद समोर आला की मेंदूतले निर्णयाशी आणि भावनेशी निगडित भाग प्रमाणाबाहेर पेटत होते. आमच्या भाषेत सांगायचं तर गार्बेज कलेक्टर फक्त तेच ऑब्जेक्ट उचलतो ज्याच्याकडे कुणाचाही रेफरन्स उरलेला नाही. आत्याच्या घरात प्रत्येक पिशवीला रेफरन्स आहे. आपल्याला कचरा दिसतो कारण तो रेफरन्स आपल्याकडे नाही, इतकंच.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला सगळ्यांत जड जातंय.

२०१९ मध्ये आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होती. तेवढ्यात आम्ही तिचं घर साफ केलं. 'सरप्राइज' म्हणून! बाबा, चुलतभाऊ आणि मी. चार टेम्पो सामान गेलं, त्यातल्या दोन टेम्पोंमध्ये मी स्वतः पोती चढवली. भिंतींना रंग दिला. वॉकर घेऊन ती दारात आली, आत बघितलं आणि म्हणाली, "त्यांचा चष्मा कुठाय?" पेपरच्या एका गठ्ठ्यात काकांचा चष्मा होता. ती दोन दिवस रद्दीच्या दुकानांत फोन लावत होती. मग बोलणं बंद, दार बंद. कोविडच्या दोन वर्षांत तर कारणही आयतंच मिळालं. २०२३ मध्ये ती गठ्ठ्यांना अडखळून पडली आणि रात्रभर तशीच होती. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा कळलं. दार उघडायला गेलो तर आतल्या सामानामुळे ते वीतभरच उघडत होतं. घर पहिल्यापेक्षा जास्त भरलेलं.

आम्ही केलं ते जगभर लोक करत आलेत, आणि जाणकार नेमकं तेच करू नका म्हणतात. न विचारता घर रिकामं केलं की आजार जात नाही, विश्वास मात्र जातो. घर पुन्हा भरतंच.

धोका मात्र खरा आहे. मेलबर्नच्या अग्निशमन दलाने २००९ पर्यंतच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. घरांना लागलेल्या आगींमध्ये अशा घरांचा वाटा नगण्य, पाव टक्का. टाळता येण्याजोग्या आगीतल्या मृत्यूंमध्ये मात्र २४ टक्के! आपल्याकडे तर किचनमध्ये सिलिंडर आणि देवापुढे निरांजन.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? नोटीस येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं असल्याची बातमी आठवत असेल. वासाच्या तक्रारी, मग पशुसंवर्धन खातं आणि पोलिसांची पाहणी, मग मांजरं हलवण्याचा आदेश. तिथे आजार होता की नुसतं प्रेम, ते ठरवणारा मी कोण? शेजाऱ्यांचा त्रासही खराच. पण त्या बातम्यांत मला मांजरांची संख्या सापडली, सोसायटी सापडली. घरातल्या माणसाशी कोणी समुपदेशक बोलला का, ते सापडलं नाही. आत्याच्या सोसायटीनेही एक पत्र पाठवलं होतं. ते तिने जपून ठेवलंय, अर्थात.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि उपचार हा हक्क आहे असं तो म्हणतो. १४४१६ ही सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. मी फोन केला तो आत्यासाठी नाही, माझ्यासाठी. घरातल्या अशा माणसाशी बोलायचं कसं, हे मला विचारायचं होतं. पलीकडच्या बाईंनी 'होर्डिंग' हा शब्द मला पुन्हा सांगायला लावला, पण अर्धा तास ऐकून घेतलं. त्यांच्यामुळेच पुढे एक समुपदेशक मिळाल्या. आत्या त्यांच्याकडे दोनदाच गेली. मी जातो.

त्यांनी सांगितलेलं अगदी साधं आहे. घर स्वच्छ करायचं हे डोक्यातून काढून टाका. आधी फक्त जीव वाचेल एवढं बघा. पलंगापासून दारापर्यंत वाट, शेगडीभोवती दोन हात मोकळी जागा, गॅसची नळी तपासलेली, संडासात जाताना पायात काही येणार नाही. बाकीचं राहू दे. आणि वस्तूला हात लावायच्या आधी दर वेळी विचारायचं.

गेलं वर्षभर मी शनिवारी सकाळी जातो. पहिले दोन महिने नुसता चहा प्यायलो. मग शेगडीजवळचे गठ्ठे हॉलमध्ये आणले, टाकले नाहीत, नुसते हलवले. हल्ली ती कधी कधी स्वतःहून एखादी पिशवी पुढे करते. तिच्यातली प्रत्येक वस्तू आम्ही बाहेर काढून बघतो. तासाला साधारण एक पिशवी, आणि त्यातली निम्मी परत आत जाते. या स्पीडने पंधरा-वीस वर्षं लागतील, मी हिशोब केलाय.

गेल्या शनिवारी दार पूर्ण उघडलं. मागे अडकवलेल्या छत्र्या तिने आदल्या दिवशी काढून ठेवल्या होत्या. मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "चप्पल बाहेरच काढ रे, आत जागा नाहीये."